तोल सांभाळण्याची किंमत

इंग्लंडच्या केंट परगण्यात जिलिंगहॅम नावाचे गाव आहे. १९०९ च्या ऑक्टोबरात तिथल्या एका कारखान्याच्या आवारात २२ टनांची एक गाडी ३२ माणसांना घेऊन फिरली. गाडी ४० फूट लांब, १० फूट रुंद, आणि तिच्याखाली रूळ एकच. चाके एकामागे एक, एका ओळीत. वळणावर ती आपोआप आतल्या अंगाला कलली. थांबली तेव्हाही ताठ उभी राहिली. सगळे उतारू एका कडेला जमले, तर त्या बाजूला झुकण्याऐवजी तिने तीच बाजू किंचित वर उचलून धरली. पुढच्याच महिन्यात तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि बर्लिनमध्येही आउगुस्ट शेर्ल या वृत्तपत्रमालकाने अशीच, आकाराने लहान, एकरुळी गाडी प्राणिसंग्रहालयाच्या बागेत लोकांना दाखवली. भविष्यातली आगगाडी आली, असे लोकांना वाटले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी त्या पद्धतीचा एकही नेहमीचा मार्ग कुठे उभा राहिलेला नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतल्या अशा वाहनांकडे आज आपण करमणूक म्हणून पाहतो. इटलीच्या जानी काप्रोनीने १०० उतारूंना अटलांटिकपार नेण्यासाठी नऊ पंखांचे, आठ इंजिनांचे विमान बांधले; १९२१ च्या मार्चमध्ये ते माज्जोरे सरोवरावरून जेमतेम उठले आणि पाण्यात कोसळले. त्याचे छायाचित्र पाहून हसू आवरत नाही. पण जे चाललेच नाही, त्यापासून शिकण्यासारखे तसे थोडेच असते: गणित चुकले होते, एवढेच. ज्या यंत्रांचे गणित बरोबर होते, जी लोकांच्या डोळ्यांदेखत चालली आणि तरीही प्रात्यक्षिकाच्या पुढे सरकली नाहीत, त्यांची गोष्ट अधिक अवघड आहे. जिलिंगहॅमची गाडी या दुसऱ्या जातीची.

ती बांधणारा लुई ब्रेनन हा वेडा संशोधक वगैरे नव्हता. १८५२ साली आयर्लंडमधल्या कॅसलबार इथे जन्मलेला हा माणूस लहानपणीच कुटुंबासह मेलबर्नला गेला, घड्याळजीच्या हाताखाली शिकला आणि तिशीच्या आत त्याने एक विलक्षण पाणतीर रचला. त्या पाणतीराच्या पोटात बारीक पोलादी तारेची दोन रिळे असत. किनाऱ्यावरचे वाफेचे यंत्र त्या तारा जोराने मागे ओढी, रिळे उलगडत, त्यांच्या फिरण्याने पंखे फिरत आणि पाणतीर पुढे जाई. मागे ओढल्यावर पुढे जाणाऱ्या या शस्त्रासाठी ब्रिटिश सरकारने १८८० च्या दशकात सुमारे १,१०,००० पौंड मोजले आणि जिलिंगहॅमला खास कारखाना काढून तो ब्रेननच्या हाती दिला. म्हणजे विचित्र दिसणारी वस्तू चालवून दाखवायची आणि ती सरकारच्या गळी उतरवायची, हे दोन्ही त्याने एकदा करून दाखवले होते. १९०३ साली त्याने एकरुळी गाडीचे पेटंट घेतले, तेव्हा त्याचे बोलणे ऐकून घेणारे लोक होते ते यामुळे.

गाडीचे मर्म जायरोस्कोपमध्ये होते. वेगाने फिरणाऱ्या भोवऱ्याला बोटाने ढकलले, तर तो ढकलल्या दिशेला पडत नाही. त्याचा आस काटकोनात दुसरीकडे वळतो. हा गुण कुठल्याही जड, गरगरणाऱ्या चाकात असतो. ब्रेननने गाडीत मिनिटाला ३,००० फेरे घेणारी दोन जड चाके बसवली. नुसती चाके ठेवली असती, तर गाडीचे पडणे फक्त थोडे लांबले असते, कारण चाकाचा आस वळत वळत हद्दीला पोचला की त्याचा विरोध संपतो. ब्रेननची खरी हुशारी पुढची आहे. आधीच्या छोट्या नमुन्यात गाडी कलू लागली की चाकाच्या आसाचे टोक गाडीच्या बाजूच्या एका पट्टीला टेके, तिच्यावर घरंगळे आणि त्यामुळे आसाचे वळणे आणखी वेगवान होई. त्या वाढीव वेगातून जो जोर निर्माण होई, तो गाडीला पडण्याच्या उलट दिशेला उचली; मोठ्या गाडीत आसाला हाच धक्का दाबलेल्या हवेने दिला जाई. वारा ज्या बाजूने येई त्या बाजूला गाडी झुकत असे, ती याच कारणाने. दोन चाके एकमेकांच्या उलट फिरत असल्याने वळणावर एकाची ओढ दुसरे खोडून काढी. पेट्रोलच्या इंजिनावर वीज तयार होई आणि तीच गाडी हाकण्यालाही वापरली जाई आणि चाके फिरवण्यालाही. चाके हवा काढून घेतलेल्या पेटीत फिरत, त्यामुळे वीज गेली तरी बराच वेळ त्यांचा वेग टिकत असे. तोवर गाडीला टेकू लावता येत. १९०७ साली रॉयल सोसायटीपुढे त्याने याचा छोटा नमुना दाखवला होता, आणि ताणलेल्या तारेवरूनही तो नमुना जाई.

इथे या कथेत हिंदुस्थान येतो, तोही प्रेक्षक म्हणून नव्हे, तर पैसे देणारा म्हणून. लंडनच्या इंडिया ऑफिसने १९०७ साली या गाडीसाठी ६,००० पौंडांची उचल दिली. वायव्य सरहद्दीवर लष्कराला झपाट्याने टाकता येईल असा मार्ग हवा होता. पाठोपाठ १९०८ साली काश्मीर दरबाराने ५,००० पौंड दिले. दरबाराचे गणित कळण्यासारखे आहे. श्रीनगरपर्यंत रेल्वे नेण्याचा विचार त्याआधीपासून चालू होता आणि आड येत होते ते डोंगर. साध्या रेल्वेला दोन रूळ तंतोतंत समान अंतरावर आणि समपातळीत लागतात. त्यासाठी रुंद भराव, मोठ्या त्रिज्येची वळणे, बोगदे, पूल हे सगळे आले. एक रूळ असेल तर तो डोंगराच्या कडेने हवा तसा वळवता येतो, दरीवर एखादी तार पुरते, रुळांच्या जोडीची बारीक मापे सांभाळावी लागत नाहीत. काश्मीर खोरे देशाच्या रेल्वेजाळ्याशी प्रत्यक्षात जोडले जायला २०२५ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी चिनाबवर नदीपात्रापासून ३५९ मीटर उंचीचा पूल बांधावा लागला. हे लक्षात घेतले तर १९०८ च्या त्या ५,००० पौंडांना भाबडेपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

मग अडले कुठे? बहुतेक लोक भीतीकडे बोट दाखवतात: चाके थांबली तर काय, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात होता आणि उतारूंना तो सुटलेला वाटत नव्हता. भीती होती हे खरेच. पण १९१० साली लंडनच्या व्हाइट सिटीत भरलेल्या जपान-ब्रिटिश प्रदर्शनात याच गाडीत बसायला माणसांची रीघ लागली होती. गोल मार्गावर तासाला २० मैलांच्या वेगाने ती ५० जणांना एका वेळी फिरवत असे. विन्स्टन चर्चिल तिच्यात बसले आणि खूश झाले. मुलांसाठी किल्लीच्या एकरुळी गाड्या बाजारात आल्या. घाबरलेले लोक आपल्या मुलांना तीच गाडी खेळायला देत नाहीत. भीतीपेक्षा मोठी अडचण हिशेबाच्या वहीत होती, असे आम्हाला वाटते.

दोन रूळ गाडीचा तोल फुकटात सांभाळतात. एकदा मार्ग टाकला की त्यावरून दहा डबे गेले काय आणि दहा हजार गेले काय, तोल राखण्याचा वेगळा खर्च पडत नाही. ब्रेननने दुसरा रूळ काढला, म्हणजे मार्गावरचा खर्च वाचवला. पण तो खर्च नाहीसा झाला नाही, गाडीत जाऊन बसला. आता प्रत्येक डब्याला स्वतःची दोन जड चाके, स्वतःची मोटर, स्वतःची वीज आणि त्यांच्यावर सतत नजर ठेवणारा माणूस हवा. चाके सतत फिरतच ठेवायची, गाडी उभी असली तरी. रेल्वेच्या धंद्यातला पैसा प्रवाशांपेक्षा मालात असतो, आणि मालगाडीची वाघीण ही तर जगातली सर्वांत निर्बुद्ध, सर्वांत स्वस्त पेटी. ती आठवडाभर आडबाजूच्या रुळावर पडून राहते, कुणी तिच्याकडे बघतही नाही. ब्रेननच्या पद्धतीत अशा वाघिणीला जागाच नव्हती. पडून राहिलेली वाघीण म्हणजे आडवी झालेली वाघीण.

याचा अर्थ ही गाडी कुठेच परवडली नसती असा नाही. मार्ग लांब, प्रदेश बिकट आणि गाड्या मोजक्या, अशा ठिकाणी मार्गावरची बचत गाड्यांवरच्या खर्चाहून जास्त भरू शकते. सरहद्द आणि काश्मीर ही नेमकी तशी ठिकाणे. मात्र तिथेच नाजूक यंत्रे दुरुस्त करणारे कारखाने आणि कुशल हात सर्वांत कमी. जिथे ते मुबलक होते, त्या इंग्लंडात दोन रुळांचे जाळे केव्हाच पसरले होते आणि नव्या गाड्यांना जुन्या जाळ्यावरून जाता येणार नव्हते. गरज एकीकडे आणि ती भागवण्याची ताकद दुसरीकडे, अशा कात्रीत ती योजना सापडली. नवे भांडवल आले नाही. बांधलेल्या दोन गाड्यांपैकी एक भंगारात गेली. दुसरी १९३० पर्यंत एका बागेत पावसापासून आडोसा म्हणून वापरात होती.

काश्मीर दरबाराने ब्रेननला पैसे दिले, त्याच सुमारास पतियाळा संस्थानात एक दुसरी एकरुळी गाडी रस्त्याच्या कडेने चालू लागली होती. १९०७ साली सुरू झालेल्या या मार्गाचे अभियंते कर्नल बोल्स. पद्धत ‘युइंग’ या नावाने ओळखली जाणारी. तिच्यात गाडीचा सुमारे ९५ टक्के भार एका रुळावर पडे आणि उरलेला थोडासा भार बाजूला, रस्त्यावरून जाणाऱ्या एका मोठ्या चाकावर. बस, एवढेच. जायरोस्कोप नाही, वीज नाही, रॉयल सोसायटी नाही. तोल राखणारे ते चाक कुठलाही गावठी सुतार-लोहार दुरुस्त करू शकेल असे होते. रस्ता आधीपासून होता, त्यामुळे जमीन घ्यावी लागली नाही. गाडी ओढायला खेचरे होती, आणि तीही आयतीच. लष्करी करारानुसार संस्थानाला युद्धकाळासाठी पाचशेहून अधिक खेचरे पाळावी लागत. शांततेच्या दिवसांत ती नुसती दाणा खात उभी असत. बोल्सने त्यांना कामाला लावले. पुढे बर्लिनच्या ओरेनश्टाइन उंड कोपेल कंपनीची वाफेची इंजिनेही आली. बस्सी ते सरहिंद आणि पतियाळा ते भवानीगढ असे हे मार्ग २० वर्षे चालले आणि मोटारीच्या स्पर्धेने १९२७ साली बंद पडले. त्यातले एक इंजिन आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे.

दोन संस्थाने, एकच वर्ष-दीड वर्षाचा काळ आणि रूळ एकच ठेवण्याचा एकच विचार. काश्मीरने अधिक सुंदर कल्पनेला पैसे दिले, पतियाळाने अधिक ओबडधोबड कल्पनेला. पतियाळाच्या गाडीने वीस वर्षे धान्य वाहिले, माणसे नेली. ब्रेननच्या गाडीत बसून वळण घेण्याचा थरार खेचराच्या गाडीत नसणार, हे मान्य. परंतु तोलाचा खर्च कोणावर टाकायचा, या प्रश्नाचे उत्तर बोल्सने अचूक दिले होते: आधीच बांधलेल्या रस्त्यावर आणि आधीच पोसलेल्या जनावरांवर.

ब्रेननचा मार्ग घेणारे लोक पुढेही निघाले. प्योत्र शिलोव्स्की हे रशियातले कायदेपंडित आणि एकेकाळचे गव्हर्नर. १९१४ साली त्यांनी वूल्झली कंपनीकडून दोन चाकांची, जायरोस्कोपवर उभी राहणारी मोटार बांधून घेतली आणि लंडनच्या रस्त्यांवर ती चालवली. पावणेतीन टनांची मोटार, दोन चाके, आणि फुटपाथवर थबकलेले लंडनकर. मग महायुद्ध सुरू झाले, शिलोव्स्की मायदेशी परतले. कंपनीने मोटार चक्क जमिनीत पुरून ठेवली, १९३८ साली उकरून काढली आणि १९४८ साली मोडीत काढली. क्रांतीनंतर शिलोव्स्कींनी पेत्रोग्राद ते त्सारस्कोये सेलो असा एकरुळी मार्ग मनावर घेतला होता. १९२२ साली पैशाअभावी तो थांबला. मोटारीच्या बाबतीत तर जायरोस्कोपची बाजू आगगाडीपेक्षाही लंगडी होती. आगगाडीत निदान रुळाचा खर्च वाचत होता. मोटारीत वाचत होती फक्त दोन चाके.

तोलाचा हाच प्रश्न त्या काळात आकाशातही होता, आणि तिथे भांडण वेगळ्या मुद्द्यावर होते: तोल यंत्राने सांभाळायचा की माणसाने? राइट बंधू सायकली बनवणारे. सायकल स्वतःहून उभी राहत नाही, चालवणारा तिला उभी ठेवतो, हे त्यांच्या हाडात मुरलेले होते. त्यांनी विमान मुद्दाम अस्थिर ठेवले आणि ते सावरण्याचे काम वैमानिकाच्या हाताला दिले. ब्रिटिश सैन्यातले अधिकारी जॉन डन यांनी उलट बाजू घेतली. बाणाच्या टोकासारखे मागे वळलेले पंख, शेपूट नाही, आणि पंखांना असा पीळ की वाऱ्याच्या धक्क्याने विमान कलले तर आपणच सरळ व्हावे. १९०७ पासून स्कॉटलंडच्या एका खोऱ्यात गुप्तपणे त्यांच्या चाचण्या चालल्या. १९०९ साली युद्धखात्याने पैसा आखडता घेतला, तेव्हा डननी खासगी मदतीवर काम पुढे नेले. १९१० च्या डिसेंबरात ईस्टचर्चला त्यांनी विमान हवेत असताना सुकाणूवरचे हात काढून कागदावर टिपण लिहून दाखवले. खाली साक्षीला उभ्या असलेल्या दोघांपैकी एक होते खुद्द ऑर्व्हिल राइट.

डन यांचे विमान चुकीचे नव्हते. इतके स्थिर विमान वळवायला आळशी असते, एवढीच तक्रार होती, आणि आकाशात लढाई सुरू झाल्यावर ती तक्रार जीवघेणी ठरली असती.  गंमत अशी की वाद शेवटी ज्या प्रकारे मिटला, तो दोघांपैकी कुणालाच सुचला नसता. आजची लढाऊ विमाने, आपले ‘तेजस’ही, मुद्दाम अस्थिर बांधतात आणि त्यांचा तोल संगणक सेकंदाला अनेकदा सावरतो. राइट बंधूंचे अस्थिर विमान आणि डन यांचा न दमणारा सारथी, दोन्ही एकत्र. वजनदार चाकांऐवजी आकडेमोडीने तोल राखता येऊ लागला आणि हिशेबच बदलला.

हे सगळे आज उगाळायचे कारण आपल्याच राज्यात आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत मुंबई-पुणे हायपरलूपसाठी राज्य सरकार आणि व्हर्जिन हायपरलूप वन यांच्यात करार झाला. अर्ध्या तासाच्या आत पुणे, असे सांगितले गेले. २०१९ साली राज्याने तो सार्वजनिक पायाभूत प्रकल्प म्हणून मान्यही केला. २०२० च्या नोव्हेंबरात नेवाडाच्या वाळवंटात ५०० मीटरच्या नळीतून दोन माणसे सुखरूप गेली. म्हणजे यंत्र चालले. २०२३ संपता संपता कंपनीच बंद झाली. हवा काढलेल्या नळीतून, चुंबकाच्या आधारावर तरंगणारी गाडी ही कल्पना नवी नाही. सैबेरियातल्या टॉम्स्क इथे बोरिस वाइनबर्ग या प्राध्यापकाने १९११ ते १९१३ च्या दरम्यान तिचा प्रयोग केला होता, आणि अमेरिकेत रॉबर्ट गॉडर्ड तरुणपणीच तिच्यावर लिहीत होते. ब्रेननने मार्गावरचा खर्च गाडीत नेला. हायपरलूपने गाडीला हलकी करून सगळा खर्च मार्गावर टाकला. शंभराहून अधिक किलोमीटरची हवाबंद नळी, तिचा प्रत्येक सांधा, प्रत्येक पंप, आणि तीही बोरघाटातून. यात गाडी चालेल का हा प्रश्न सर्वांत सोपा होता, आणि चर्चा मात्र त्याच्याभोवतीच फिरली. २०१४ पासून मुंबईत धावलेल्या मोनोरेलला एकरुळी म्हणायचे तर जाड काँक्रीटच्या तुळईवर दोन्ही अंगांनी चाके टेकवून जाणारी ती गाडी तोलाच्या बाबतीत पतियाळाच्या जवळची, ब्रेननच्या नव्हे. तिच्यासमोरचे प्रश्न निराळे होते, पण तिचेही मोजमाप आधी प्रवासी किती येतील इथून सुरू व्हायला हवे होते.

नव्या वाहनाला सरकारने पैसे देऊ नयेत, असे आमचे म्हणणे नाही. इंडिया ऑफिसने ६,००० पौंड देऊन जे मिळवले, ते स्वस्तच म्हणायला हवे: एक पूर्ण आकाराची चालती गाडी आणि ती का चालवायची नाही याचे पक्के उत्तर. मात्र ती रक्कम प्रयोगाची होती. तिच्या जोरावर सरहद्दीवर जमिनी संपादित झाल्या नव्हत्या, शेतकऱ्यांना नोटिसा गेल्या नव्हत्या, मार्गाच्या दोन्ही बाजूंना भूखंडांचे भाव चढले नव्हते.

ब्रेनन थांबला नाही. पहिल्या महायुद्धानंतर फार्नबरोला त्याने सरकारी पैशाने हेलिकॉप्टर बांधले. ते काही फूट उडाले, १९२५ साली आदळले आणि पुढच्या वर्षी सरकारने हात काढून घेतला. १९३२ साली स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो इथे एका मोटारीच्या धडकेनंतर त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी ‘कोंते दी सावोया’ हे इटालियन प्रवासी जहाज पहिल्या सफरीला निघाले, तेव्हा लाटांवरचे डोलणे कमी करण्यासाठी त्याच्या पोटात तीन अजस्र जायरोस्कोप बसवलेले होते.

जायरोस्कोपची ही रीत परवडते कुठे, याचे पुरते उत्तर मिळाले ते पुढे अनेक दशकांनी, जिथे टेकायला रूळही नाही, रस्ताही नाही आणि पाणीही नाही अशा जागी. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा कल चार मोठे जायरोस्कोप सांभाळतात. प्रत्येकातले चाक सुमारे १०० किलोचे, मिनिटाला ६,६०० फेरे घेणारे. त्याचा आस वळवला की ४०० टनांहून जड स्थानक हळूहळू वळते. इंधन जाळून तेच काम करायचे तर ते इंधन पृथ्वीवरून वर न्यावे लागते, त्यामुळे इथे जड चाके स्वस्त पडतात. २००२ च्या जूनमध्ये यांतला एक जायरोस्कोप बिघडून बंद पडला. स्थानक कोलमडले नाही. उरलेल्यांवर काम चालले. बदली यंत्र घेऊन डिस्कव्हरी यान तिथे पोचले ते २००५ च्या उन्हाळ्यात, तीन वर्षांनी.